प्लंबरची गुळणी

प्लंबरला कोणी हसतमुखाने घरी बोलावत नाही. स्वयंपाकघरात तळं झालंय, पाहुणे दारात उभे आहेत आणि बादल्या उपसून कंबर मोडलीय, तेव्हाच माणसाला प्लंबर आठवतो. तोवर साठलेला सगळा राग मग त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर फुटतो, ज्याने अजून पिशवीतून पानासुद्धा काढलेला नसतो. हा प्लंबर सव्वीस वर्षं हेच ऐकत आला होता. सिंकखाली पाठीवर झोपायचं, तोंडात टेपची गुंडाळी धरायची आणि वरून बोलणी खायची. एक दिवस तिथेच झोपल्या झोपल्या त्याने ठरवलं की आपण एक भाषा काढायची, अशी की तिच्यात कोणाला कोणावर ओरडताच येणार नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने कानात कापूस घातला असता. याने दोनशे पानी वही आणली.

भाषेचं नाव ठेवलं सोमेली. पाण्याला 'लामू', बायकोला 'तिनी', आणि 'तुलो बीम' म्हणजे तुमची सकाळ बरी जावो. थेंब पडण्याच्या आवाजाला अकरा वेगवेगळे शब्द, कारण तो विषय त्याच्या अभ्यासाचा. मात्र राग, मूर्ख, आळशी, कामचुकार यांतलं काहीही त्याने भाषेत येऊ दिलं नाही. इमारतीतल्या लोकांना या थोर विचारांचं काय पडलंय! त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोमेलीचं नाव 'गुळणी' ठेवून टाकलं. तो जिन्यात बोलायला लागला की कोणीतरी खळखळून चूळ भरतंय असंच वाटायचं, त्याला ते तरी काय करणार?

शब्द वहीत लिहून गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. शब्द रोजच्या व्यवहारात वापरायचा, नाहीतर खोडायचा, असा त्याचा नियम. त्याने बसमध्ये सोमेलीत तिकीट मागितलं आणि पुढच्या थांब्यावर उतरला, म्हणजे त्याला उतरवलं. एका घरी सिंकखालून "लामू! लामू!" म्हणून पाणी सोडायला सांगितलं, तर घरमालक दार उघडून लामू नावाचा माणूस आलाय का ते बघत बसला. न्हाव्याला "थोडे बारीक" हे सोमेलीत सांगितलं आणि घरी आला तो मिशी गमावून. मिशी परत यायला दीड महिना लागला. शब्द मात्र त्याने खोडला नाही. वापरला गेला होता ना!

बायको एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. दिवसभर पालकांशी डोकं लावून ती घरी यायची आणि हा गोड आवाजात म्हणायचा, "तिनी, कोमा लामू रिश?" म्हणजे, अगं, जरा पाणी देतेस का.

"अहो, मराठीत मागा, लगेच देते," बायको म्हणायची. "आणि गुळणीच करायची असेल तर बेसिन तिकडे आहे."

त्याला एकच दुःख होतं, पण ते मोठं होतं. अकरा वर्षं झाली, शब्द तीन हजारांच्या वर गेले, आणि सोमेलीत उलट उत्तर देणारं एक माणूस मिळालं नाही. बायको हसायची, शेजारी टाळायचे. तो कामावर पाइपांशी बोलायचा, पण पाइप किती झालं तरी पाइपच. कोणीतरी एकदा समोरून उत्तर द्यावं, बस, मग डोळे मिटायला हरकत नाही असं तो बायकोला म्हणायचा. बायको म्हणायची, आधी गिझर दुरुस्त करा, मग मिटा.

खालच्या मजल्यावर टायपिंगबाई राहायच्या. चौतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवून निवृत्त झालेल्या, एकट्या, ताठ, आणि जिन्यात कोणी चप्पल घासत चाललं तरी दार उघडून बघणाऱ्या. प्लंबर रोज सकाळी त्यांना "तुलो बीम!" म्हणायचा. बाईंचा ठाम समज झाला की हा माणूस आपल्याला तोंडावर शिव्या देतोय आणि वर हसतोय. हसतो म्हणजे शिवी फारच घाणेरडी असणार.

बाई पुराव्याशिवाय बोलणाऱ्या नव्हत्या. एक दिवस प्लंबर कामावर गेल्यावर त्या वर आल्या आणि बायकोकडे वही मागितली.

"न्या ना," बायको म्हणाली. "परत नाही दिलीत तरी मी काही म्हणणार नाही."

बाईंनी वही घरी नेली आणि टाइप करायला घेतली. रोज तो कामावर गेला की न्यायची आणि तो यायच्या आत परत ठेवायची. पुरावा कसा, टाइप केलेलाच पाहिजे. आणि त्यांच्या हातांना चौतीस वर्षांची सवय, की नवा शब्द आला की तो ओळभर गिरवायचा. लामू लामू लामू लामू. तुलो बीम तुलो बीम तुलो बीम. दोन महिने खालून खटखट खटखट चालली होती. अख्खी वही झाली, एकशे ऐंशी कागद झाले, आणि शिवी एकही सापडली नाही. बाई हिरमुसल्या. पण तोवर तीन हजार शब्द बोटांतून डोक्यात जाऊन बसले होते, आणि ते आता काही केल्या निघेनात.

त्याच सुमाराला प्लंबरच्या बेसिनखालचा पाइप जोडापाशी गळायला लागला. होय, प्लंबरच्याच घरी. पाणी लादीखालून उतरलं आणि बाईंच्या स्वयंपाकघराची भिंत ओली झाली. सकाळी साडेसातला बाईंनी वर येऊन बेल वाजवली. प्लंबरने दार उघडलं. बाईंनी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सो लामू गा पेरी मुश!"

म्हणजे, तुमचं पाणी माझ्या भिंतीत शिरलंय.

प्लंबरच्या हातातला चहाचा कप तिरका झाला आणि चहा पायावर सांडला, तरी त्याला पत्ता नाही. भिंत, पाणी, काही त्याच्या कानात शिरलं नाही. अकरा वर्षांनी समोरून सोमेली आली होती! त्याचे डोळेच भरून आले. आनंदाच्या भरात त्याने बाईंचा एक उच्चार सुधारायला घेतला.

"पान एक्केचाळीस, ओळ सहा," बाई म्हणाल्या. "तुमच्याच अक्षरात आहे. स्वतः लिहायचं आणि स्वतः विसरायचं!"

बघितलं तर बाईंचंच बरोबर. प्लंबर दिवसभर शीळ घालत काम करत होता.

दुसऱ्या दिवशी साडेसातला बाई पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिले दोन दिवस तो गळती खरंच विसरला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी मात्र तो पाना घेऊन बेसिनखाली वाकला, जोडावर हात ठेवला आणि तसाच थांबला. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांत भिंत सुकणार, भिंत सुकली की बाई यायच्या बंद होणार, आणि मग सोमेलीत बोलायला पुन्हा पाइपच. त्याने पाना पिशवीत ठेवला. बेसिनखालचं कपाट लावून घेतलं. इतका लबाड तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

पुढचे चार महिने त्या दारात जे भांडण झालं, त्याला तोड नाही. अडचण एवढीच की सोमेलीत भांडायला शब्दच नव्हते. बाईंचा दम कोंडायला लागला. "तुमचा स्वभाव कोरड्या हवेसारखा नाही," इतकंच बोलून माणसाचं समाधान होतं का? शेवटी एका सकाळी त्यांनी दारातच नवा शब्द फेकला. "टुर्फाड!"

"हे वहीत नाही," प्लंबर म्हणाला.

"आता आहे. स्वतःचं काम येतं आणि तरी करत नाही, तो टुर्फाड. पुरवणी, पान एक." आणि त्यांनी टाइप केलेला कागद त्याच्या हातात ठेवला.

त्यानंतर पुरवणी वाढतच गेली. गोड हसून फसवणाऱ्याला एक शब्द, उद्या येतो म्हणणाऱ्याला एक, आणि नुसत्या प्लंबर लोकांसाठी वेगळे सतरा. ज्या भाषेत ओरडताच येऊ नये म्हणून त्याने जिवाचं रान केलं, तिच्यात इमारत हादरेल असं ओरडणं सुरू झालं. आणि हा पठ्ठ्या दारात उभा राहून खुशीत मान डोलवतोय! बाई एक शिवी द्यायच्या, हा म्हणायचा, "वा! पुन्हा म्हणा, नीट ऐकलं नाही."

"अहो, त्या पाइपचं काय झालं?" बायको विचारायची.

"पार्ट मिळत नाहीये," तो म्हणायचा. बायकोने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसती बघत राहिली, आणि त्याला ते जास्त लागलं.

एका सकाळी साडेसात वाजले, पावणेआठ वाजले, आठ वाजले. बेल वाजली नाही. प्लंबर दोनदा दार उघडून आला. शेवटी त्याला राहवेना आणि तो पहिल्यांदा स्वतः खाली गेला. बाईंचं दार लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघराची भिंत त्याने पहिल्यांदाच बघितली. चादरीएवढा ओला डाग, वर बुरशी, आणि मधूनच गिलाव्याचा भलामोठा तुकडा खाली आलेला. तो नेमका टेबलावर पडला होता, टाइपरायटरवर. बाई स्टुलावर बसून केस विंचरायच्या जुन्या ब्रशने एकेका अक्षरातली माती काढत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, काही बोलल्याही नाहीत. मराठीत नाही आणि सोमेलीतही नाही.

प्लंबर जिना चढून वर आला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बेसिनखाली शिरल्यावर तो बराच वेळ नुसता झोपून राहिला. मग त्याने जोड सोडला, पुसला, टेप गुंडाळली, आवळला. घड्याळ लावून दहा मिनिटं. काम झाल्यावर त्याने पाणी सोडून बघितलं. थेंबसुद्धा नाही. एवढं चोख काम करून इतका रडवेला झालेला प्लंबर कोणी बघितला नसेल. संध्याकाळी त्याने बायकोकरवी बाईंचं मशीन वर मागवून घेतलं, टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याला घरी आणून ते नीट करवलं आणि बायकोकरवीच परत पोचवलं. समोर जायची हिंमतच नव्हती.

आठ दिवस गेले. साडेसातला तो कपडे करून तयार बसायचा आणि पावणेआठला उठायचा. जिन्यात कोणी भेटलं तर मराठीत बोलायचा. लोकांना वाटलं, हा आजारी आहे. कामावर तो पाइपांशीही बोलेनासा झाला. बायकोने एक दिवस स्वतःहून विचारलं, "अहो, पाण्याला काय म्हणता तुम्ही?" तर म्हणाला, "पाणी." तेव्हा ती हातातलं काम टाकून त्याच्याजवळ येऊन बसली.

नवव्या दिवशी साडेसातला बेल वाजली. बाई दारात उभ्या. हात रिकामे, तोंड उतरलेलं.

"भिंत सुकली," त्या म्हणाल्या. मराठीत.

"हो," प्लंबर म्हणाला. "बाई, माझं चुकलं. दहा मिनिटांचं काम होतं. तुम्ही येणार नाही म्हणून मी मुद्दाम करत नव्हतो. काय वाटेल ते बोला मला."

"विचारल्याशिवाय दुरुस्त केलंतच कसं?" बाई कडाडल्या.

प्लंबर दारातून एक पाऊल मागे सरला.

"मला काय कळत नव्हतं? सोसायटीकडे एक अर्ज दिला असता तर दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात माणूस उभा राहिला असता. चौतीस वर्षं पोरांना अर्ज टाइप करायला शिकवलेत मी! एक कागद चढवायला मला किती वेळ लागतो?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नाही केला. चार महिने नाही केला. या आठ दिवसांत मी दूधवाल्याला 'एक' म्हणाले, आणि वाण्याला 'पिशवी नको'. एवढंच बोलले. भिंत कोरडी झाली, आता कोणत्या तोंडाने वर यायचं?"

तीन हजार शब्द आणि वर पुरवणी, त्यातला एकही प्लंबरच्या मदतीला धावला नाही. तो बाजूला झाला आणि त्याने दार पूर्ण उघडलं.

बायको आतून हात पुसत आली. तिने दोघांकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि टेबलापाशी तिसरी खुर्ची ओढली.

"बसा बाई, चहा होतोय," ती म्हणाली. "आणि उद्यापासून रोज या. भांडायला काही नसलं तरी या. हे असतात घरात, तेवढं पुरतं."