सातच्या अंतरावरची चौथी जोडी

बाजाराच्या दिवशी मारेगावात ओळखीचा एक शेतकरी सायकल हातात धरून थांबला नि म्हणाला, "सर, आमचे श्रावण गुरुजी गेले ना. कावीळ झालती." त्याला आता महिना होत आला. त्यांच्याविषयी चार बरे शब्द लिहायला बसलो, तर आधी स्वतःविषयीच लिहावं लागतं आहे...

गुरुजी जवळच्या खेड्यात प्राथमिक शाळेवर होते. मी इथे हायस्कुलात गणित शिकवतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते चालत आमच्या शाळेत येत. सत्तावन्न साली ओळख झाली. आदल्याच वर्षी त्यांच्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला होता, आणि शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी चिमटा काढायचंच, "काय गुरुजी, देव सोडले न् आता आकडे धरले काय?" ते शांतपणे म्हणत, "आकडे नवस नाही मागत, भाऊ." सगळ्यांबरोबर मीही हसायचो, कुणाला हसायचो, ते आता सांगवत नाही.

त्यांचा नाद एकच. मूळ संख्या घ्यायची, तिला तिनेच गुणत जायचं, आणि अशा तयार झालेल्या संख्यांत बरोबर सातचं अंतर असलेल्या जोड्या शोधायच्या. नऊ आणि सोळा. पंचवीस आणि बत्तीस. एकशे एकवीस आणि एकशे अठ्ठावीस. पुढे चार वर्षं काहीच नाही. मग एका शनिवारी ते चौथी जोडी घेऊन आले: ३२७६१ आणि ३२७६८. पहिली १८१ चा वर्ग, दुसरी म्हणजे दोन हा आकडा पंधरा वेळा घेऊन केलेला गुणाकार. "सर, तुम्ही पाहा. तुम्ही हो म्हटलं का मी मानलं." खोलीत सगळे बसलेले होते. मी कागदाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "गुणाकार चुकला, गुरुजी," म्हणालो. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

त्याच संध्याकाळी मी १८१ ला १८१ ने गुणलं. उत्तर बरोबर होतं. पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या... पदवी माझ्याकडे होती. खेड्यातल्या सातवी फायनल पास मास्तरापुढे, आणि खरं लिहायचं तर त्यांच्या वस्तीतल्या माणसापुढे, 'माझं चुकलं' म्हणायला जीभ वळली नाही. दोन वर्षं वळली नाही. ते येत राहिले, चहा घेत राहिले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मला ते सोयीचं वाटलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शाळेतून आले का तेच करत बसत. म्हनत, चूक कुठी हाय ते सापडून नाही राह्यली मले. सरानं म्हटलं म्हंजे असनच."

त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. निळ्या चुन्याच्या भिंतीवर, हात पोहोचेल तिथपर्यंत, खडूने केलेले गुणाकार होते. सगळे १८१ गुणिले १८१. सगळ्यांचं उत्तर बरोबर. आणि प्रत्येकाखाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं... पुन्हा पाहणे.