राबाच्या कडेचं गवत

अंबरनाथला आमच्या इमारतीखाली आज कुणीतरी पाला जाळला आणि खिडकीतून राबाचा वास आला. भात पेरायच्या आधी जमिनीवर शेण-पाला पसरून भाजायचा, तो राब.

स्वातंत्र्यानंतरचा चौथा-पाचवा उन्हाळा असेल. माझा सहा महिन्यांचा मुलगा गेला होता आणि मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एका सकाळी सासूने मला चिखलोलीच्या शेतावर नेऊन बांधावर बसवलं. म्हणाली, "काम नको करू गो. आग कुठं जाते, तेवढी बघ."

तिने राब पेटवला आणि आग शेजारच्यांच्या पेंढ्याकडे सरकली. आग पसरू नये म्हणून राबाच्या कडेचं गवत आधी काढतात, ते काढलेलंच नव्हतं. मी कधी उठले, हिरवी फांदी तोडून कधी झोडपायला लागले, मलाच कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी उठत गेले. बरी झाले नव्हते, नुसती उठत होते.

जन्मभर राब भाजणारी बाई गवत काढायला विसरेल कशी? मला उठवायलाच तिने ते ठेवलं, असं मी इतकी वर्षं मानलं. आज तिच्याहून म्हातारी झाल्यावर वाटतं, ती विसरलीच असेल. नातू तिचाही गेला होता. तिला कुणी बांधावर नेऊन बसवलं नाही.