उर्मिलाच्या नावाची लाइन

मीरा रोडच्या शांती नगरात किराणा दुकान आणि दवाखाना यांच्या मधल्या गाळ्यात हरिश्चंद्र घाणेकर टायपिंग करायचे. भाडेकरार, लग्नाचे बायोडेटा, रेशनकार्डाचे अर्ज. माणसं आपली अडचण घाईघाईत सांगायची आणि हरिश्चंद्र ती 'सबब विनंती की' या शब्दांत बसवून द्यायचे. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी अर्ज लिहिला नव्हता.

गाळा खरं तर त्यांच्या बायकोचा, उर्मिलाचा. हरिश्चंद्र लालबागच्या कंपनीत कारकून होते तेव्हा दोन जुनी टाइपरायटर यंत्रं घेऊन ती इथे बसायची. फोनसाठी फॉर्मही तिनेच भरला होता. अडीच वर्षांनी लाइन आली त्या दिवशी तिने दवाखान्यातल्या पेशंटांनासुद्धा पेढे वाटले होते. पुढे कंपनी बंद पडली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी हरिश्चंद्र बायकोसमोर बसून टायपिंग शिकले. चार वर्षांपूर्वी अकरा दिवसांच्या तापात ती गेली. यंत्रांच्या जागी कॉम्प्युटर आला. फोन तोच राहिला.

फोनचं बिल दर महिन्याला 'सौ. उर्मिला ह. घाणेकर' यांना यायचं. क्रेडिट कार्डवाल्या मुलीही याच नावाने फोन करायच्या. "उर्मिला मॅडम हैं?" हरिश्चंद्र म्हणायचे, "बाहर गई हैं." एवढं बोलून फोन ठेवला की उरलेला दिवस थोडा हलका जायचा.

२००६च्या डिसेंबरात अंधेरीहून रसिकाचा फोन आला. ती भाषांतराच्या ऑफिसात होती. तिच्याकडचं मराठी टायपिंग हेच हरिश्चंद्रांचं अर्ध्याहून जास्त काम.

"काका, एक तारखेपासून सगळं मेलवर हं. फ्लॉपी घेऊन येऊ नका. आमच्याकडे ती घालायला मशीनच राहिलं नाही."

"फोनवरून नेट लावतो की मी."

"ते नको! पानभर फाईल यायला अर्धा तास, आणि तोवर तुमचा फोन एंगेज. सर माझ्यावर ओरडतात. चांगलं कनेक्शन घ्या."

रसिकाचं काम गेलं असतं तर गाळा ठेवण्यात अर्थ नव्हता. आणि गाळा नसता तर पूनम सागरमधल्या घरच्या दोन खोल्यांत सकाळची संध्याकाळ कशी करायची, हे हरिश्चंद्रांना माहीत नव्हतं.

ते टेलिफोन ऑफिसात गेले. काउंटरवर सुचेता नावाच्या बाई होत्या. त्यांनी नंबर घातला, पडद्यावर पाहिलं.

"लाइन घरच्यांच्या नावावर आहे, काका. ब्रॉडबँडच्या फॉर्मवर होल्डरची सही लागेल."

हरिश्चंद्रांच्या तोंडून निघून गेलं, "ती गावाला गेलीय."

"कुठलं गाव?"

"गुहागर."

"मग काय, मजा आहे त्यांची. आल्या की घेऊन या. घाई नाही, मोडेम आमच्याकडेपण संपलेत."

बाहेर पडल्यावर ते पायरीवर थांबले. खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं. गुहागरला आता थंडी पडली असेल, तिने शाल नेली असेल ना, असा विचार मनात येऊन गेला आणि ते स्वतःशीच दचकले.

दुसरा मार्ग केबलवाल्या जितूभाईचा होता.

"उधर फॉर्म, सही, फोटो... अंकल, लगीन करायचंय की नेट लावायचंय? मेरे को बोलो, उद्या वायर टाकतो."

"नाव कोणाचं लागेल?"

"किसीका भी. वॉचमनचं लिहा, चालतंय."

कोणाचंही नाव चालणार होतं, म्हणून हरिश्चंद्रांनी ते घेतलं. गच्चीवरून काळी वायर आली, समोरच्या बिल्डिंगवरून झोळ खात गाळ्यात उतरली. वीस दिवस बरे गेले. बिल पूर्वीसारखंच उर्मिलाला येत राहिलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रसिकाची चाळीस पानं दुपारी बारापर्यंत जायची होती. दहाला नेट गेलं. बाहेर वायर मांज्याने कापून लोंबत होती आणि तिच्या टोकाला एक गुलाबी पतंग अडकला होता.

"अंकल, पूरे मीरा रोड की यही हालत है," जितूभाई फोनवर म्हणाला. "शाम को देखता हूँ. तिळगूळ खाया?"

हरिश्चंद्र सायबर कॅफेत गेले, तर तिथल्या मशीनवर त्यांची फ्लॉपी उघडेना. तीन कॅफे झाले. मेल गेला तेव्हा चार वाजले होते.

"काका, आज मी सांभाळून घेतलं," रसिका म्हणाली. "पुढच्या वेळी नाही जमणार. फोनवाल्यांचंच घ्या ना. तुमच्याकडे लाइन आहेच की!"

दुसऱ्या दिवशी गाळा उघडून त्यांनी नवीन पान घेतलं. विषय : दूरध्वनी जोडणी नावावर करून मिळणेबाबत. पुढचं वाक्य बोटांनीच टाइप केलं : सदर दूरध्वनी माझी पत्नी... इथे बोटं थांबली.

क, वर दोन मात्रा, पुढे टिंब. 'कै.' त्यांनी हजार वेळा टाइप केलं होतं, दुसऱ्यांच्या आईबापांसाठी. टिंब राहिलं तर गिऱ्हाईकाला न विचारता घालायचे. उर्मिला गेल्यावरची कागदपत्रं सगळी मेहुण्याने पाहिली होती. मृत्यूचा दाखला टाइप होऊनच हातात आला होता.

त्यांना एक जुनी दुपार आठवली. कोणा बाईच्या तेराव्याच्या पत्रिकेतून त्यांनी 'सौ.' काढून टाकलं होतं. उर्मिला समोरच्या यंत्रावरून ओरडली होती, "अहो, नवरा आहे ना तिचा? मग 'सौ.' राहतं. आधी 'कै.', मग 'सौ.' ते नाही कोणी काढत."

त्यांनी टाइप केलं : कै. सौ. उर्मिला हरिश्चंद्र घाणेकर यांचे नावे आहे.

सुचेताबाईंनी अर्ज वाचला. दाखल्यावरची तारीख पाहिली, मग हरिश्चंद्रांकडे पाहिलं.

"काका, तुम्ही तर गावाला..."

"हो."

सुचेताबाईंनी कागदांना नीट टाचणी लावली आणि म्हणाल्या, "उन्हात पुन्हा खेपा घालू नका. झालं की मी फोन करीन."

मार्चमध्ये मोडेम लागला. लाइनमनने हिरवे दिवे दाखवले. "आता नेट चालू असताना फोनपण येणार, काका. एंगेज लागणारच नाही."

फोन दिवसभर मोकळा राहू लागला. बिल 'श्री. हरिश्चंद्र' यांना आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, जणू शेजारच्याचं चुकून आलंय.

एका दुपारी रसिकाची फाईल उतरत असताना फोन वाजला. कुणाकडे जुनी यादी राहिली असावी.

"नमस्ते, उर्मिला घाणेकरजी से बात हो सकती है?"

'बाहर' हा शब्द जिभेवर आला होता. हरिश्चंद्रांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"वो नहीं हैं."

"कब तक आएंगी, सर?"

"नहीं आएंगी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "तो सर, कार्ड आपके नाम पर बना दें?"

"माझ्याच नावावर झालंय आता सगळं," हरिश्चंद्र मराठीत म्हणाले.

"जी?"

त्यांनी रिसीव्हर ठेवला. फाईल पूर्ण उतरली होती. बासष्ट पानं होती. हरिश्चंद्रांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिलं पान उघडलं.