नाडीवाल्यांचा डावा कान

कारखान्यात त्यांना सगळे नाडीवाले म्हणायचे. चालू मोटरच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ डाव्या कानापाशी हाडावर दाबायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग. दोन आठवडे काढेल." बेअरिंग दोन आठवड्यांनी जायचंच. तेवीस वर्षं हेच काम. साहेबांनी कंपन मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा ते बरोबर दाखवतंय का, हेही नाडीवाल्यांनाच विचारलं होतं.

दिवसभर बिघडलेलं ऐकणाऱ्या माणसाला घरी काहीतरी धड ऐकावंसं वाटणारच. उंची स्पीकर नवे घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून चार वर्षं जुन्यांचा शोध चालला. शेवटी नाट्यगृहातून निवृत्त झालेल्या एका साउंडवाल्या काकांकडे कमरेएवढी उंच, गडद लाकडाची जोडी सापडली. खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर काका स्वतः बसले आणि त्यांनी गाणं लावलं. नाडीवाले दाराशी उभ्याउभ्याच विरघळले. चार वर्षं थांबलेल्या माणसाला त्या क्षणी रिकामा डबा वाजवून दाखवला असता तरी तो आवडला असता.

निघताना काकांनी स्पीकरच्या खोक्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने काढलेली अक्षरं दाखवली. एकावर 'डा', दुसऱ्यावर 'उ'.

"अदलाबदल तेवढी करू नका," काका म्हणाले.

हे नाडीवाल्यांना सांगायची गरजच नव्हती. ज्या भागावर खूण, तो खुणेच्याच जागी, हा कारखान्यातला पहिला धडा.

घरी जोडी लागली, खुर्ची मधोमध आली. जोडी नीट लागली की गाणारी बाई दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये उभी आहे असं वाटायला हवं. ही बाई उजवीकडे सरकून उभी राहिली आणि तिथून हलेना.

नाडीवाल्यांनी वायरी बदलल्या. डावीकडचा पडदा काढला, उजवीकडे गादी उभी केली. बायकोचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेलं.

"अहो, आता मलाही बाहेर ठेवा," बायको म्हणाली.

आठ दिवसांनी, गादी परत जागेवर नेताना, त्यांच्या मनात नको तो विचार आला. खोली सरळ असेल, खोकीही सरळ असतील, कानच कलला असेल तर? आणि तोही डावा. कारखान्याच्या डॉक्टरांचं पत्र खिशात होतंच. सोमवारी कानाची तपासणी. गेल्या वर्षी बॉयलरवरचा एकजण तीत नापास झाला, तो आता स्टोअरमध्ये हातमोजे वाटत बसतो.

तेव्हापासून त्यांची झोप उडाली. कधी कानाशी बोटं घासून बघ, कधी घड्याळ लावून बघ. एकदा डावीकडे कमी ऐकू यायचं, एकदा दोन्हीकडे सारखं. टीव्हीसमोर ते मान वाकडी करून बसू लागले. बायकोने नुसतं "काय हो?" विचारलं तरी वसकन अंगावर जायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तपासणीच्या खोलीच्या काचेत, बटण दाबून कानात आवाज सोडणारा नर्सचा हात दिसतो, हे त्यांनी गेल्या वर्षी सहज पाहिलं होतं. आता ते मुद्दाम आठवू लागले. नर्सचा हात हलला की आपला हात वर करायचा, एवढंच.

दुसऱ्याचं मशीन असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंची अदलाबदल करून दोष शोधला असता. इथे खुणेचा मान आडवा आला, असं ते स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्यांना उत्तराची भीती वाटत होती.

रविवारी सकाळी ते केस कापायला गेले. परत आले, खुर्चीत बसले, गाणं लावलं, आणि बाई डावीकडे. आता उजवाही गेला की काय?

"खोक्यांच्या पाठी बघा," बायको दारातून म्हणाली.

'उ' डावीकडे उभा होता.

"तू हलवलेस? एवढे जड?"

"चादरीवर घालून ओढले. दिवा लागेना की बल्ब दुसरीकडे लावून बघतेच की मी. त्यात काय एवढं?"

दोष खोक्यात होता. कानात नव्हता. नाडीवाले जमिनीवरच बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी 'डा' उघडला. आत वायरीच्या मध्ये आवाज दाबणारा पांढरा रेझिस्टर होता, कुणीतरी सोल्डरचा सुबक डाग देऊन मुद्दाम बसवलेला. हात गुंतलेले, म्हणून फोनचा स्पीकर चालू करून त्यांनी तो शेजारी ठेवला आणि काकांना विचारलं.

"माझा उजवा कान," काका म्हणाले. "अकरा वर्षं झाली. डावा आवाज दाबला की बाई मध्ये यायची."

"आणि नाट्यगृहात?"

"आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे बघून काम केलं. कुणाला पत्ता लागू दिला नाही."

"घरी?"

"छे. ही उजवीकडून बोलते, मी ओ देत नाही. तिला वाटतं, माझं तिच्याकडे लक्षच नसतं. म्हटलं, वाटू दे." मग ते म्हणाले, "तुमचे कान ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत."

"मग तो तुकडा काढून फेका."

नाडीवाल्यांनी तुकडा काढला, वायर जोडली, दोन्ही खोकी खुणेच्या जागी ठेवली. बाई मधोमध येऊन उभी राहिली. याच्यासाठी चार वर्षं घालवली होती. त्यांनी एक कडवं ऐकलं आणि गाणं बंद केलं.

"उद्या कानाची तपासणी आहे," ते बायकोला म्हणाले. "मी काचेत बघून फसवणार होतो. या वर्षी वाचलो. पण मोटरींच्या आवाजात कधीतरी कान जाणारच, आणि मला त्याची फार भीती वाटते."

"माहीत आहे. पत्र शर्टाबरोबर धुतलं गेलं होतं. मीच वाळवून परत खिशात ठेवलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

तिने स्टूल ओढलं आणि ती त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसली.