अळू, सुरवंट आणि ओगले सर

प्रकल्पाचा निर्णय करणाऱ्या समितीचं बोलावणं यायला अजून अवकाश आहे. विभागातल्या आरामखुर्चीत हेमांगी वाळिंबेचा डोळा लागतो न लागतो, तोच पंख्याची घरघर बांबूच्या सळसळीसारखी ऐकू येऊ लागते. भिंतीला शेवाळ चढतं. आंबोलीच्या ओढ्याकाठी, दगडावर ओगले सर बसलेले आहेत. तिचे मार्गदर्शक. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"तो शब्द काढ, हेमांगी," सर म्हणतात. "माकडांचं वर्तन लिही. संस्कृती लिहू नकोस. नाहीतर आज तुझा प्रकल्प बंद करतील."

"तुम्ही होतात तेव्हाही हेच सांगायचात."

"आणि तू ऐकलंस?"

"नाही. आजही ऐकणार नाही."

समोर एक म्हातारी माकडीण केसाळ सुरवंट पानात धरून दगडावर घासते आहे. केस झडले की खाते. तिच्या पोरी, नाती टक लावून बघतात, मग तसंच करतात. ओढ्यापलीकडच्या टोळीकडेही हेच सुरवंट आहेत, पण त्यांना कुणी शिवत नाही. हेमांगीचं अर्धं आयुष्य हे बघण्यात गेलं आहे.

"नुसती नक्कल," सर म्हणतात.

"तुमच्या आईंनी तुम्हाला अळूला चिंच लावायला शिकवलं, तीही नुसती नक्कलच होती?"

सरांचा चेहरा लाल होतो. आता ते दोघं सरांच्या स्वयंपाकघरात उभे आहेत, आणि माकडीण सुरवंट पुढ्यात घेऊन ओट्यावर बसली आहे.

"माझ्या आईला माकडिणीच्या पंगतीला बसवतेस?"

"हो. दोघींनी पोरांना खाजरं खायला शिकवलं. यात कुणाचा अपमान झाला, सर?"

हेमांगी ओट्यावरचा सुरवंट उचलते आणि तळहाताने दगडी पाट्यावर घासू लागते.

"अगं, आधी पान घे!" सर ओरडतात. "केस रुततील हातात!"

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

सर तोंड उघडतात. त्यांची नजर माकडिणीकडे जाते आणि तिथेच थांबते.

"मॅडम, आत बोलावलंय."

दारात शिपाई उभा आहे. हेमांगी ताडकन उठते, पदर सारखा करते, आत जाते. अध्यक्ष विचारतात, "मग, तो शब्द काढताय ना?"

"नाही," ती म्हणते, आणि टेबलावर हात टेकते. तळव्यावर लालभडक गांधी उठल्या आहेत. मधोमध एक बारीक, सोनेरी केस रुतलेला आहे.