गंगासागरला सही नको होती

अंबाजोगाईच्या कोर्टासमोर टाइपरायटर मांडून मी बत्तीस वर्षं बसलोय. लोक अर्ज लिहून घ्यायला येतात ते आधी हात जोडतात. गंगासागर आली ती उभीच राहिली. "आप्पा, पासपोर्टचा फारम भरा. नवऱ्याचं नाव लागतच असंल तर लिहा, पण त्याला इचारायला जाऊ नका." मला असली माणसं सकाळी सकाळी आवडत नाहीत. पण फॉर्म भरला.

ती तेलगावची लेक. सुग्रीव नावाच्या माणसाला दिलेली. त्यानं दुसरं घर केलं तेव्हा ही माहेरी रडत गेली नाही, अंबाजोगाईला येऊन एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलायला लावावी तर हिनंच, असं तिथले डॉक्टर म्हणायचे. त्यांच्याच ओळखीतल्या एका घराला कुवेतमध्ये म्हाताऱ्या आईची सेवा करायला बाई हवी होती. हिनं लगेच हो म्हटलं. वय चौतीस, शिक्षण सातवी. कशाला एवढ्या लांब जातेस विचारलं, तर म्हणाली, "माझ्या नावाच्या दोन खोल्या पाहिजेत. आन् जायचंय बी मला."

साल सत्त्याण्णव. पासपोर्ट आला, पण आत शिक्का होता. दहावी न झालेल्यानं अरब देशात कामाला जायचं, तर आधी मुंबईच्या सरकारी कचेरीत उभं राहून परवानगी काढायची, असा त्याचा अर्थ. त्या साहेबाच्या हुद्द्याचं नाव 'संरक्षक'. गंगासागर मुंबईला गेली, रांगेत उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं होतं, नवऱ्याची नाहीतर भावाची संमती आणा.

"आपल्या स्टँडवर परदेशी सरबताच्या बाटल्या आल्यात आप्पा," ती म्हणाली. "त्या येताना कुणाच्या भावाची सही लागली?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी काय दिल्लीला बसतो?

तिचा थोरला भाऊ आश्रुबा पंचायत समितीचा सदस्य होता. माणूस वाईट नव्हता, फक्त आपल्याशिवाय कुणाचं काही होत नाही अशी त्याची खात्री होती. मी निरोप धाडताच जीप घेऊन आला, माझ्या बाकड्यावर ऐसपैस बसला आणि पेन उघडलं. मी संमतीपत्र टाइप करून ठेवलेलंच होतं. माझी बहीण परदेशी जाण्यास माझी हरकत नाही, वगैरे.

गंगासागरनं त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला.

"दादा, तू माझ्यासाठी एकदा सही केलती. लग्नाच्या याद्या झाल्या तवा. त्या सहीवर मी सुग्रीवच्या घरी गेले. आता दुसरी नको."

आणि कागद फाडला. आश्रुबा चार माणसांत लालबुंद झाला. "मग बस इथंच बेडपॅन उचलत," म्हणाला आणि निघून गेला. मलाही राग आला. म्हटलं, "बाई, डोकं फिरलं का तुझं? एक रेघ ओढली असती त्यानं, तुझं काय गेलं असतं?" आज सांगतो, तेव्हा मी मूर्खासारखं बोललो.

त्याच महिन्यात वाचनालयात चर्चा ठेवली होती, बायकांना आखातात घरकामाला जाऊ द्यावं का. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी युसूफ वडगावच्या केसरबाईचं उदाहरण दिलं. मालकानं तिचा पासपोर्ट काढून घेतला, दोन वर्षं कोंडून ठेवलं, परत आली ती भाजलेले हात घेऊन. कायदा अजून कडक करा, बायकांना जाऊच देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मागच्या रांगेतून गंगासागर उठली. "केसरबाईच्या हाताला मलम मी लावलंय. तिला कोंडलं तिथल्या मालकानं. मंग कुलूप इथं कावून लावता? तिथं आपला माणूस ठिवा. दर महिन्याला दार वाजवून बघू द्या, बाई जित्ती हाय का न्हाई. त्ये लई अवघड पडतंय, म्हणून आमच्याकडं सही मागता. केसरबाईनं बी नवऱ्याची सही नेलती. तिथं ती सही कुणी वाचली?"

वक्ते पाणी प्यायले आणि पुढचा प्रश्न घ्या म्हणाले. मला मात्र घरी जाऊन जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच तिला सांगितलं, दहावी पास झालीस तर हा शिक्का लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. ती म्हणाली, "मग आधी कावून न्हाई सांगितलं?" आणि बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला. वर्षभर दुपारच्या सुट्टीत माझ्या बाकड्यावर तिचं पुस्तक उघडं असायचं. इंग्रजी मी शिकवलं. भूमितीत दोघांनी मिळून डोकं फोडलं.

त्या वर्षांत आमच्याकडे दहावीची परीक्षा म्हणजे गावजत्रा असायची. आत पोरं, बाहेर खिडक्यांना लटकलेले चुलते-मामे, आणि वर्गातले गुरुजी डोळे मिटून बसलेले. गणिताच्या पेपराला मी तिच्या वर्गाच्या खिडकीसमोर कुंपणाशी उभा होतो. बघतो तर आश्रुबा. वर्षभर बहिणीशी बोलला नव्हता, पण शेवटी भाऊच तो. कुणाकडून तरी गणितं सोडवून घेऊन, स्वतःच्या हातानं उतरवून आणली होती. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं खिडकीतून चिठ्ठी टाकली, ती नेमकी तिच्या बाकावर पडली. तेवढ्यात भरारी पथकाची जीप आत शिरली.

खिडक्यांवरची बाकी सगळी उड्या मारून पळाली. बाकावर चिठ्ठी सापडली की संपलं, पुढची परीक्षाही देऊ देत नाहीत. बाकीचे आपापल्या चिठ्ठ्या तोंडात कोंबत होते. गंगासागर चिठ्ठी हातात धरून उठली आणि सरळ खिडकीशी आली.

"दादा, तुझी सही नको म्हणलं व्हतं ना? मग तुझं अक्षर बी नको. घिऊन जा."

आश्रुबा जागचा हलला नाही. मागून पथकाच्या साहेबानं चिठ्ठी तिच्या हातातून घेतली. ती घाबरली असेल तर मला दिसलं नाही. "साहेब, चिठ्ठी आलती, मी मागितली न्हाई. माझा पेपर जप्त करा, कोरा द्या, आन् हितं उभं राहून बघा. मला येतंय." साहेबानं कोरा पेपर मागवला आणि शेवटची घंटा होईपर्यंत तिच्या डोक्याशी उभा राहिला. त्या खोलीत त्या दिवशी कुणालाच काही करता आलं नाही. निकालात त्या खोलीतली तिघंच पास झाली. गंगासागर त्यांतली एक.

नवा पासपोर्ट आला. आत शिक्का नव्हता. कुवेतच्या त्या घराला अजून बाई हवीच होती. आश्रुबानं जीपनं मुंबईला सोडतो असा निरोप धाडला. तिनं एसटीचं तिकीट काढलं, पण जाताना तेलगावला उतरून त्याच्या पाया पडून गेली.

विमानतळावरून तिनं मला कोर्टासमोरच्या बूथवर फोन केला. आतल्या साहेबानं विचारलं होतं, सोबत कोण आहे, पाठवतंय कोण? "म्हणलं, मीच मला पाठवतेय. त्यानं पासपोर्ट उलटून पालटून बघितला आन् सोडलं."

मला हसू यायला हवं होतं. पण केसरबाईचे हात डोळ्यांसमोर आले. खरं सांगतो, त्या क्षणी मला ती परत यावी असं वाटत होतं. म्हटलं, "गंगासागर, तिथल्या आपल्या वकिलातीचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून दिलाय. पासपोर्टात ठेवू नको. पासपोर्ट त्यांनी काढून घेतला तर?"

"चिठ्ठी फेकली आप्पा," ती म्हणाली. "पाठ हाय." आणि एकेक आकडा सावकाश म्हणून दाखवला.