गोल बाजारात चालणारं नाव

रायपुरात आम्हा अफिलिएटवाल्यांची कॉन्फरन्स होती. आपल्या लिंकवरून कोणी खरेदी केली की आपल्याला कमिशन, असा आमचा धंदा. दिल्लीहून आलेल्या एका बड्या बाईंशी ओळख वाढवायची म्हणून मी ऐटीत म्हटलं, "इथल्या कोसा रेशमाची साडी गोल बाजारातच घ्या. दुकानदाराला माझं नाव सांगा."

दुकानातून त्यांचा फोन आला. "तुम्हें तो यहाँ कोई नहीं जानता!"

मी चरफडत त्यांना आईचं नाव सांगायला लावलं. लगेच पलीकडून दुकानदाराचा आवाज आला, "अरे, दीदी के लिए कुर्सी लाओ, चाय बोलो!"

घरी हे ऐकून आई खो खो हसली. "लग्न होऊन आल्यापासून आपल्या अख्ख्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याले तिथं मीच तं धाडून राहिली. पुढच्या कॉन्फरन्सले भाषण द्यायले मले ने!"